टंचाईचा माग

जव्हार,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. निशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, उजव्याचा पावसाळा सरल्यावर काढू असं डॉक्टर म्हणतात. मागच्या शेवग्याला यंदा इतक्या शेंगा आल्या आहेत की शेजारी मला बघून दार लावून घेतात. रूपेशला आवडतात, पण पुण्यापर्यंत त्या पोचेस्तोवर काठ्या होतील. तेव्हा नाव काढून उपयोग नाही.

फोनवर का बोलत नाही, असं विचारतेस. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि मागे कुकर शिट्ट्या मारतो. कामाचं बोलणं कागदावर बरं. शिवाय कागदावर मला तुझं शुद्धलेखन दिसतं. पीएच.डी. करणाऱ्या बाईने ‘परिस्थिती’ हा शब्द ‘परीस्थिती’ असा लिहू नये. पुन्हा बघ.

आता काम. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या बातम्यांत ‘टंचाई’ हा साधा रोजचा शब्द कशासाठी आणि कोणासाठी वापरत होते, ते तुला शोधायचं आहे. मुंबई-पुण्याची दैनिकं तू पाहिलीस आणि तुला एखादं लहान गावचं पत्र हवं आहे. ते आहे. इथल्या वाचनालयात ‘घाटवार्ता’ साप्ताहिकाचे १९४५ ते १९५५ पर्यंतचे खंड बांधून ठेवले आहेत. बांधणारा गेला, वाचणारेही गेले, कसर तेवढी राहिली. फोटो काढून पाठव म्हणतेस. ती पानं उघडी धरायलाच दोन हात लागतात, आणि माझ्या फोनवर काढलेल्या फोटोत माझा अंगठा ठळक येतो. ते जमणार नाही. मी उतरवून पाठवीन.

तुझी अट वाचली. ‘आत्या, बाबांविषयी एक अक्षरही लिहिणार नसशील तरच हे काम सांगते.’ मान्य. मुलगा सूर्यमाळच्या पाड्यावरचा म्हणून तुझा बाप लग्नाला आला नाही, ‘त्या घरचं पाणी पिणार नाही’ म्हणाला, आणि तू त्याचं नाव टाकलंस. त्याला चार वर्षं झाली. तू त्याच्याशी बोलत नाहीस, तो तुझ्याशी बोलत नाही, आणि तुम्हा दोघांशी बोलणारी मी एकटी, वय वर्षं बहात्तर. एवढं लिहिते आणि विषय संपवते.

तो बारीक टाइप माझ्या एका डोळ्याला झेपत नाही. म्हणून एक गृहस्थ मदतीला घेतले आहेत. निवृत्त आहेत, नजर चांगली आहे, दुपारी त्यांना उद्योग नसतो. ते वाचतात, मी लिहून घेते. नाव कळून तुला काही करायचं नाही.

पहिला खंड झाला. सोबतच्या चिठ्ठ्या बघ. कापडाची टंचाई, रॉकेलची टंचाई, सुट्या नाण्यांची टंचाई. एका अंकात संपादक लिहितात, ‘कागदाच्या टंचाईमुळे प्रस्तुत अंक चारच पानी निघत आहे, वाचकांनी क्षमा करावी.’ आणि त्या चार पानांतलं अर्धं पान केसांच्या तेलाच्या जाहिरातीला दिलं आहे. आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
पुष्पलता आत्या


जव्हार,
२० मार्च २०२५

चि. निशास,
अनेक आशीर्वाद.

होळी झाली. बाजारात बाहेरगावाहून लोक परतले होते, तेव्हा चार दिवस गजबज होती. आता पुन्हा वीटभट्टीच्या गाड्या भरून गेल्या आणि गाव शांत झालं.

‘चिठ्ठ्यांची मांडणी फार सुरेख आहे, कोणी सुचवली?’ असं विचारतेस. मी सुचवली नाही. मी मास्तरीण, मला निबंध सुचतो. ती त्या गृहस्थांची. पहिल्याच दिवशी माझी वही बाजूला सारून म्हणाले, ‘अशा वहीत काही सापडत नसतं.’ मग प्रत्येक चिठ्ठीवर रकाने आखले. तारीख, पान, कशाची टंचाई, कोणाला, आणि शेवटी ‘कोण म्हणतं’. मी विचारलं, हा शेवटचा कशाला? म्हणाले, ‘तक्रार कोणाच्या नावची आहे हे नसलं तर कागदाला अर्थ नाही.’ हट्टी माणूस आहे. पण तू खूश आहेस, तर मी गप्प बसते.

वाचनालयातल्या हरेशचं आणि त्यांचं रोज वाजतं. गृहस्थ बोटाला थुंकी लावून पान उलटतात.

‘काका, थुंकी नका लावू हो. ऐंशी वर्षांची पानं आहेत.’

‘मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मला कोणी असं जपत नाही.’

‘तुम्हाला परत छापता येतं का?’

‘आलं असतं तरी कोणी छापलं नसतं,’ असं म्हणून चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी मात्र घरून ओला स्पंज आणला, पोस्टात तिकिटांना असतो तसा. हरेशने त्यांना त्या दिवशी चहा पाजला.

आता निष्कर्षाकडे ये. १९४६ ते ४९ मध्ये टंचाई जवळजवळ सगळ्या गोष्टींची आहे. साखर, खिळे, सायकलच्या ट्यूबा, शाळामास्तर. एका लग्नाच्या बातमीत ‘टंचाईचे दिवस असूनही पाहुण्यांस साखरेचा चहा देण्यात आला’ असं कौतुकाने लिहिलं आहे. पण पाण्याची टंचाई मला एकदाही सापडली नाही. मोखाड्याकडच्या बातम्या येतात, दर उन्हाळ्यात येतात. तिथे शब्द वेगळा आहे. ‘डोंगरपाड्यांतून पाण्याचे हाल नेहमीप्रमाणे सुरू झाले आहेत, असे समजते.’ दोन ओळी, शेवटच्या पानावर, खाली. पुढच्या वर्षी तीच ओळ. त्याच्या पुढच्या वर्षीही, जणू छापखान्यात त्या ओळीचे खिळे जुळवूनच ठेवले होते.

गृहस्थांनी ती ओळ तीनदा वाचली. म्हणाले, ‘ज्याला काल साखर मिळत होती आणि आज मिळत नाही, त्याला टंचाई. ज्याला कालही मिळत नव्हतं, त्याचे हाल.’ मी म्हटलं, हे लिहून घेऊ का? तर म्हणाले, ‘नको. हे माझं म्हणणं आहे, पुरावा नाही.’

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते तुला उपयोगी पडेल. ते नोकरीत होते तेव्हा ग्रामपंचायतींचे टँकरच्या मागणीचे अर्ज त्यांच्या टेबलावर यायचे. सरपंच लिहायचे, ‘आमच्या पाड्यात पाण्याचे फार हाल आहेत.’ हे त्यावर रेघ मारून ‘तीव्र पाणीटंचाई’ करायचे. हाल लिहिलेला कागद टेबलावरच राहतो, टंचाई लिहिलेला पुढे जातो, असं म्हणाले. म्हणजे ऐंशी वर्षांत तो शब्द शहरातल्या कापडाच्या दुकानातून चालत सूर्यमाळपर्यंत पोचला. चालत म्हणते, कारण फार वेळ लागला.

कामाचं पुरे. रूपेशच्या आईची तब्येत कशी आहे? गुडघ्याचं काय झालं?

तुझी,
पुष्पलता आत्या


जव्हार,
९ एप्रिल २०२५

निशा,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. ‘आत्या, हे गृहस्थ कोण आहेत?’ मायना नाही, खाली नाव नाही. रागावलेल्या माणसानेही मायना लिहावा. मीही आज घाईत तो नीट लिहिलेला नाही, तेव्हा फिटंफाट.

ओळखलंस ना? मग विचारतेस कशाला.

हो, तुझे बाबा. माझा मधू. मी तुझी अट मोडली नाही, एवढं ध्यानात घे. बाबांविषयी लिहू नको म्हणालीस. बाबांकडून वाचून घेऊ नको, असं म्हणाली नव्हतीस. हा बचाव वकिली आहे हे मला कळतं. चालवून घे.

मी त्याला फसवूनच नेलं होतं. पुण्याच्या एका संशोधकाला हवं आहे, माझे डोळे अधू, तू वाच, असं सांगितलं. नाव सांगितलं नाही. तो लगेच वाचायला बसला. दोन खंड झाले. मग एकदा दुपारी मान वर न करता विचारलं, ‘तिला कुठल्या सालापर्यंतचं हवं आहे?’ मी ‘ती’ म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं, बावन्नपर्यंत. ‘मग त्रेपन्नही बघून ठेवू. परीक्षक नेमकं पुढचं विचारतात.’ एवढंच. पुन्हा वाचायला लागला. मी खिडकीबाहेर पाहत बसले. मला ऑपरेशनच्या डोळ्यात थेंब घालायचे होते.

त्याचं अक्षर तू ओळखशील म्हणून आतापर्यंत सगळ्या चिठ्ठ्या मी माझ्या हाताने उतरवत होते. माझं मनगट दुखलं आहे. यापुढच्या चिठ्ठ्या त्याच्याच अक्षरात पाठवते. नको असल्या तर परत पाठव, पण फाडू नकोस. त्या संशोधनाच्या आहेत, त्याच्या नाहीत.

आता जे खरं लिहायचं आहे ते. आमच्या जामसरच्या घरात रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाणी प्यायचं नाही. आमचे बाबा माझ्या सासरी यायचे ते पाण्याने भरलेला तांब्या घेऊन यायचे आणि अंगणात बसून प्यायचे. मला तेव्हाही ते आवडत नसे. मधूने चार वर्षं ही रीत पुढे केली आहे. ‘मी वेगळं काय बोललो? आपल्यात पीत नाहीतच.’ मी त्याला परवा स्पष्ट सांगितलं. ‘मधू, ती रीत लेकीच्या दारापर्यंत जाणाऱ्या बापाला आहे. तू घरातून निघालाच नाहीस. तू रागात बोललास आणि त्या रागात पाडा होता, जात होती. रीत नंतर आणून वर ठेवलीस.’

तो ताटातली भाकरी तशीच ठेवून उठला. मला वाटलं, आता वाचनालयात यायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी हजर. चिठ्ठ्या मांडून बसला आणि मला म्हणाला, ‘ताई, हे बघ. पाण्याच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर शेवटचा रकाना रिकामा आहे.’

खरंच होता. साखरेच्या चिठ्ठीवर ‘कोण म्हणतं’मध्ये व्यापारी मंडळ आहे, कापडाच्या चिठ्ठीवर गावातला एक वाचक, एका गृहिणीचं पत्रही आहे. पाण्याच्या बाबतीत ‘असे समजते’. कोणाकडून समजतं, ते नाही. बातमीदार तिकडे चढून गेलाच नव्हता.

‘अर्धा भरलेला तक्ता मी जन्मात वर पाठवला नाही,’ मधू म्हणाला.

‘मग काय करणार? ते लोक गेले की.’

‘सगळे नसतील गेले. सूर्यमाळला कोणीतरी असेल त्या वेळचं.’

सूर्यमाळला कोण आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तुझ्या सासूची सासू गौराबाई. नव्वदीला टेकलेली. मी नाव घेतलं नाही, त्यानेही घेतलं नाही. त्याने फक्त विचारलं, ‘मोखाड्याहून वर जायला गाडी किती वाजता असते?’

निशा, त्याला अडवायचं असेल तर आताच कळव. मी अडवीन. घर तुझं आहे.

तुझी,
आत्या


जव्हार,
३० एप्रिल २०२५

चि. निशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. रूपेशचा फोन मात्र आला. ‘आत्या, ती काही बोलत नाही. पण तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावते आहे.’ मी म्हटलं, बाबांच्या अक्षरातल्याही? ‘त्याच जास्त.’ तेवढ्यावर मी समजले ते समजले, आणि आम्ही सोमवारी सूर्यमाळला जाऊन आलो.

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. वाचून मला दोष दे, चालेल.

मोखाड्याला उतरल्यावर मधू म्हणाला, ‘थांब, आलो,’ आणि बाजारात शिरला. आला तो खांद्यावर पाण्याचा मोठा जार घेऊन, दुकानात मिळतो तो वीस लिटरचा. घामाने निथळत होता. मी म्हटलं, हे काय? ‘ताई, एप्रिलअखेर आहे. सूर्यमाळ दर वर्षी टंचाईच्या यादीत असतं. मी स्वतः नोंदी केल्या आहेत. आपण दोघं जायचं आणि त्यांचं पाणी संपवायचं?’ मला क्षणभर ते शहाणपणाचं वाटलं. बहात्तर वर्षांची बाई मी, आणि मला कळलं नाही!

गाडीत कंडक्टर म्हणाला, ‘काका, वर धंदा टाकताय का पाण्याचा? मग जाराचं तिकीट काढा.’ सगळी गाडी हसली. मधूने जार मांडीवर घेतला आणि तुझ्या सासरच्या दारापर्यंत कोणाच्या हातात दिला नाही.

तुझ्या सासूबाई रामीबाई अंगणात नागली पाखडत होत्या. मला बघून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. मग त्यांना मधू दिसला, आणि मग जार दिसला.

‘बाई, या. व्याही, ह्यो काय आनलाय?’

‘पाणी,’ मधू म्हणाला. ‘म्हटलं, उन्हाळ्याचं तुम्हाला...’

त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘सोयऱ्याच्या घरी कोन पानी घेऊन येतो? आमच्या घरात पानी नाय, असा कोन बोलला तुमाला?’

‘कोणी नाही. कागदावर, म्हणजे यादीत सूर्यमाळ दर वर्षी असतं...’

‘कागदात बघून आलात होय! मंग कागदात आमचा घर पन असल. त्यो चार वरसां नाय दिसला?’

निशा, मी मध्ये पडले नाही. मला बोलता आलं असतं. माझा जन्म बोलण्यात गेला आहे. पण ते त्याचं होतं. तो जार धरून तसाच उभा राहिला, उन्हात, आणि मला दिसलं की आपलं काय चुकलं ते त्याला त्याच वेळी कळलं. त्याने बापाचा तांब्या आणला होता. फक्त मोठा.

रामीबाई आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता दार लागणार. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या माठातलं पाणी. त्यांनी तो मधूच्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला, आणि पुन्हा सूप घेऊन बसल्या. पाखडलं मात्र नाही.

तेवढ्यात पडवीतल्या खाटेवरून म्हातारी ओरडली, ‘कोन आलाय?’

‘निशाचा बाप,’ रामीबाई म्हणाल्या.

‘मंग पी की रं! इख नाय घातला त्यात.’

मधूने जार खाली ठेवला. ओट्यावर बसला. तांब्या उचलला, तो दोन्ही हातांनी. आपल्याकडे वरून धार धरून पितात, तसं त्याला धड जमलं नाही. निम्मं सदऱ्यावर गेलं. तांब्या रिकामा करून त्याने खाली ठेवला, पुन्हा उचलला, रामीबाईंपुढे धरला आणि म्हणाला, ‘विहीणबाई, अजून आहे का?’

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हसल्या. ‘हाय ना. तुमच्या यादीला नका सांगू.’

दुसरा तांब्याही तो प्यायला. मी प्यायले. मग चहा झाला, नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी झाली. जाराचं काय करायचं, असं मी विचारलं. ‘असू दे. शेळ्या पितील,’ रामीबाई म्हणाल्या, आणि मधू सगळ्यांच्या आधी हसला.

आता तुझं काम, कारण तुझ्या गाइडला आमच्या चहाशी घेणं नाही. मधूने म्हातारीला विचारलं, ‘आजी, तुम्ही लहान होतात तेव्हा टंचाई होती का?’ त्या म्हणाल्या, ‘टंचाई ना? ती आता येते. निळ्या टाकीची. यंदा अजून आली नाय.’ टँकरला त्या टंचाई म्हणतात! मधूचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्याने वेगळं विचारलं. तेव्हा उन्हाळ्यात झरा आटला की तुम्ही काय म्हणत होतात?

‘काय म्हनायचा? पानी लांब गेला, असा म्हनू. आज झाडापाशी हाय, उद्या ओहळात, मंग खाली दरीत. पानी लांब गेला, की आमी त्याच्या मागं.’

मधूने खिशातून कोरी चिठ्ठी काढली. रकाने घरूनच आखून आणले होते. त्याने ती भरली. ‘कोण म्हणतं’ या रकान्यात लिहिलं, ‘गौराबाई, सूर्यमाळ. समक्ष.’ ती सोबत आहे. तुझ्या बाकी चिठ्ठ्या छापलेल्या कागदावरून आल्या. ही तुझ्या सासरच्या ओट्यावरून.

परतताना गाडीत त्याने ती चिठ्ठी दोनदा काढून वाचली. मग म्हणाला, ‘ताई, तिला हे कळवायला हवं.’ मी म्हटलं, ‘मी लिहिणारच आहे.’ तर म्हणाला, ‘तसं नाही.’

मी त्याची बाजू मांडत नाही. चार वर्षांचं त्याने एका दुपारी फेडलं, असंही मला म्हणायचं नाही. फेडलं की नाही ते तू ठरव, आणि सवडीने ठरव. मी तुला कधी घाई केली नाही, आताही करत नाही. पण लहानपणी तुझा अभ्यास घ्यायला तोच बसायचा, मी नाही, आणि मागचे दोन महिने तो मला तसाच दिसला. एवढं तुला माझ्याकडून कळायला हवं.

हा कागद अर्धा कोरा ठेवून मी त्याच्यापुढे सरकवला होता. सकाळपासून तो पेन घेऊन बसला आहे. तिसऱ्यांदा चहा केला. आताच बघितलं तर दोन ओळी लिहून चष्मा तिथेच ठेवून शेवग्याखाली जाऊन उभा आहे. पुढचं सुचत नाही म्हणतो. मी म्हटलं, राहू दे, पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली. आहे तसंच पाठवते. मायना त्याने नीट लिहिला आहे, शुद्धलेखन बरोबर आहे.

तुझी,
पुष्पलता आत्या


चि. निशास,
अनेक आशीर्वाद.